दसऱ्यानंतरचा रविवार

दिवाळी जवळ आली, की चारचौघांच्या घरात माळ्यावरचे पितळी डबे खाली येतात. आमच्या घरात फायली खाली येतात. शेजारून चकलीच्या भाजणीचा खमंग वास येऊ लागला, की मला चकली आठवत नाही; मला परिपत्रक आठवते. आमच्या हिला याचा मोठा राग आहे. ती म्हणते, "लोक दिवाळीला पणत्या मोजतात, तुम्ही आजार मोजता." तिचे म्हणणे खोटे नाही. पण ही वाईट सवय मला कशी लागली, ते सांगितल्यावर वाचक मला थोडीफार क्षमा करतील असे वाटते.

आमच्या देवगाव रंगारीत मला सगळे 'मॅनेजरसाहेब' म्हणतात. मी मॅनेजर कधीच नव्हतो. चौतीस वर्षे बँकेत जाळीच्या आत बसून मी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या आणि हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो. परंतु गावाने एकदा पदवी बहाल केली, की ती नाकारण्याचा अधिकार माणसाला उरत नाही. प्रथम मी दुरुस्ती करीत असे. मग माझ्या ध्यानात आले, की मी दुरुस्ती केली की समोरच्याचा चेहरा पडतो. आपण मॅनेजरच्या ओळखीचे आहोत हे त्याचे समाधान जाते. तेव्हापासून मी गप्प बसतो.

2015 सालच्या मे महिन्यात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात दहावा करार झाला, आणि त्यातून आम्हा निवृत्तांना सामुदायिक आरोग्य विमा मिळाला. कारकुनाला तीन लाखांचे छत्र, अधिकाऱ्याला चार लाखांचे. आत नवराबायको दोघे. हप्ता मात्र ज्याचा त्याने भरायचा. या विम्याचे वर्ष 1 नोव्हेंबरला उजाडते आणि 31 ऑक्टोबरला मावळते. म्हणजे दर वर्षी नेमके दिवाळीच्या तोंडावर बँकेचे परिपत्रक येते, की बाबांनो, पुढच्या वर्षी राहणार की जाणार ते ठरवा. राहणार असाल तर कोणत्या रकान्यात राहणार तेही ठरवा. कधी हप्ता वाढलेला असतो, कधी रकाने. एका वर्षी तर रकाने इतके होते, की मला पंचांग वाचल्यासारखे वाटले. आणि खाली शेवटची तारीख.

पहिल्या वर्षी मी माझा अर्ज भरला. दुसऱ्या वर्षी गावातले आणखी दोन निवृत्त आले. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या एकाचे व्याही आले. त्यांचा बँकेशी काडीचाही संबंध नव्हता, पण मुलाने पुण्याहून कसलीशी पॉलिसी पाठवली होती आणि ती इंग्रजीत होती. मग शिधापत्रिकावाले आले, सरकारी योजनेवाले आले, वर्तमानपत्रातले कात्रण घेऊन 'हे खरे का?' विचारणारे आले. होता होता दसऱ्यानंतरचा रविवार हा आमच्या ओट्याचा बाजारचा दिवस होऊन बसला. सकाळी नऊला सतरंजी अंथरायची, हिने मोठ्या पातेल्यात चहा टाकायचा, आणि मी चष्मा पुसून बसायचे. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या खिडकीपाशी इतकी गर्दी क्वचित झाली असेल, आणि इतकी शांत गर्दी तर कधीच झाली नाही.

येणारा प्रत्येक जण एक पिशवी घेऊन येतो. या पिशव्यांवर खरे म्हणजे एक स्वतंत्र निबंध लिहिता येईल. कापडदुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी असते आणि तिचे तोंड सुतळीने बांधलेले असते. आत आधार कार्ड, त्याच्या सात झेरॉक्स, मुलीच्या लग्नाची पत्रिका, रक्ताचे अहवाल, मक्याच्या बियाण्याची पावती, आयुर्विम्याची कधीच मुदत संपलेली पॉलिसी, आणि तळाशी एखादे छातीचे एक्स-रे चित्र घडी घालून ठेवलेले. घडी घालून! मी एकदा एका आजोबांना म्हणालो, "आजोबा, याची घडी घालू नये." ते म्हणाले, "त्याला काय हुतंय साहेब, छाती थोडीच मोडती त्यानं?" या एका पिशवीत माणसाचे सगळे आयुष्य असते, आणि त्यातून आपल्याला हवा असलेला एकच कागद काढायचा असतो. तो नेहमी शेवटी निघतो.

विमा म्हटले की आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला अजून मरण आठवते. त्याचा दोष नाही. आयुर्विमा महामंडळ 1956 साली निघाले, गावोगाव विमा पोचला तो त्याचाच, आणि तो विमा मेल्यावर मिळणारा. जिवंतपणी दवाखान्यासाठी मिळणारा 'मेडिक्लेम' आला 1986 साली, तोही शहरात. तेव्हा 'आजारी पडल्यावर पैसे देणारी कंपनी' हे पुष्कळांना थोडेसे अशुभ आणि थोडेसे अशक्य वाटते. एसटीतून निवृत्त झालेले आमच्या गावचे एक ड्रायव्हर आहेत. त्यांच्या मुलाने घेऊन दिलेल्या पॉलिसीचा अर्ज मी वाचत होतो. मी विचारले, "साखर आहे का?"

"आहे ना. डब्यात आहे."

"तुम्हाला आहे का?"

ते इकडेतिकडे पाहू लागले. साखर बारा वर्षांची होती. अर्जात मुलाने 'नाही' लिहिले होते. लिहिले तर हप्ता वाढेल, असे कुणीतरी त्याला सांगितले होते. मी तिथूनच मुलाला फोन लावला. त्याला सांगितले, की बाबा रे, असलेला आजार सांगितला तर फार तर तीन वर्षे त्या आजारापुरते थांबावे लागते. 2024 च्या एप्रिलपासून नियमाने त्याहून जास्त थांबवता येत नाही. पण लपवलेला आजार उघडकीला आला तर सबंध पॉलिसीच हातातून जाण्याचे भय, आणि ती जाणार कधी, तर वडील खाटेवर असताना. मुलगा गप्प झाला. बापाने माझ्या हातून फोन घेतला आणि म्हटले, "लिही रे, साखर हाय म्हणून. मी काय चोरी केली का?" सबंध ओटा हसला. नंतर हळूच दोघा-तिघांनी आपापल्या पिशव्या पुन्हा उघडल्या.

हे सगळे वाचून माझ्याविषयी कुणाचा चांगला ग्रह होत असेल, तर तो मला आताच मोडला पाहिजे. कारण या ओट्यावर माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ज्याच्या बाबतीत झाली तो माझा सगळ्यांत जुना मित्र आहे.

आम्ही त्यांना नाना म्हणतो. लासूर स्टेशनला राहतात. एकाच बँकेत, कधी एकाच शाखेत आम्ही बावीस वर्षे काढली. शाखेत नानांचे अक्षर प्रसिद्ध होते. लेजरमधली त्यांची पाने छापल्यासारखी दिसत, आणि सही तर अशी लफ्फेदार, की नवे अधिकारी ती दोनदा पाहत. नानांना काटकसरीची हौस आहे. मला हिशेबाची हौस आहे. या दोन हौशी एकत्र आल्या म्हणजे काय होते ते ऐका.

आमच्या परिपत्रकात दोन मोठे रकाने असतात. एकात फक्त दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च. दुसऱ्यात त्याखेरीज ठरावीक आजारांवर घरी बसून घ्यायच्या औषधांचा खर्चही; त्याला ते 'डोमिसिलरी' म्हणतात. दुसऱ्याचा हप्ता बराच जास्त. काही वर्षांपूर्वी हप्ता एकदम चढला तेव्हा नाना परिपत्रक घेऊन आले. मी कागद घेतला, बेरजा केल्या. नानांना रक्तदाब नाही, साखर नाही, रोज चार किलोमीटर चालतात. नानांच्या घरच्या वहिनी तर सडपातळ, तरतरीत. वर्षाला औषधे किती, तर सर्दीच्या गोळ्या. मी म्हणालो, "नाना, डोमिसिलरी कशाला? उगीच पैसे पाण्यात. गेल्या वर्षी एक रुपया तरी घेतलात का त्यातून?" नाना म्हणाले, "तू म्हणतोस तर सोडतो." आणि त्यांनी सोडली.

डिसेंबरात नानांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाचा कप बशीत वाजू लागला तेव्हा वहिनींना वाटले थंडी. जानेवारीत शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले, कंपवात, इंग्रजीत पार्किन्सन. औषध रोज, दिवसातून तीन वेळा, जन्मभर. नाना भरती झाले नाहीत. भरतीचा हा आजारच नव्हे. तो घरी बसून गोळ्या घेण्याचा आजार, आणि मी सोडायला लावलेल्या रकान्याच्या यादीत त्याचे नाव छापलेले होते. मी ती यादी वाचलीच नव्हती. बेरीज मात्र बिनचूक केली होती.

वर्ष संपेपर्यंत दहा महिने नानांनी गोळ्यांचे पैसे आपल्या पेन्शनमधून भरले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. पुढच्या ऑक्टोबरात ते पुन्हा माझ्याच ओट्यावर आले, पिशवी पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "वाच." 'सांग' म्हणाले नाहीत, 'वाच' म्हणाले. तेव्हापासून मी वाचतो. काय घ्यावे ते सांगत नाही. हप्ता किती, मिळते काय, मिळत नाही काय, कधीपासून कधीपर्यंत, एवढे मोठ्याने वाचून दाखवतो, आणि वाचण्यापूर्वी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: "गेल्या दिवाळीपासून काय बदलले?" बहुतेकांना 'गेल्या वर्षीचेच पुढे चालू' हवे असते. कॅशियर म्हणून मलाही पूर्वी तेच आवडे, मागील पानावरून शिल्लक पुढे. पण साठीपुढच्या माणसाची शिल्लक पुढच्या पानावर तशीच येत नाही. कुणाचा गुडघा गेलेला असतो, कुणाचा नवरा.

माझी पुतणी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिला मी हे फोनवर सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "काका, इथेही तुमच्यासारखे ओटे आहेत." तिकडे पासष्टीपुढच्या लोकांसाठी 1965 च्या कायद्याने 'मेडिकेअर' आली, आणि पुढच्या वर्षासाठी त्यातली निवड बदलायची मुदत असते 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर. त्या दिवसांत शिकवून तयार केलेले स्वयंसेवक म्हाताऱ्यांजवळ बसून त्यांच्या औषधांची यादी पुढे ठेवतात आणि कोणत्या योजनेत कोणते औषध बसते ते त्यांना दाखवतात. ऐन आपल्या दिवाळीतला हंगाम! मला फार बरे वाटले. इतक्या श्रीमंत देशातही म्हातारा माणूस कागदापुढे चष्मा शोधत बसतो, हे ऐकून कुणाला बरे वाटू नये. पण वाटले खरे.

आता 2024 च्या रविवारची गोष्ट. त्या वर्षी दसरा शनिवारी आला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी, 13 ऑक्टोबरला, ओटा भरला. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, कारण सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, मग गरीब असो की बागाईतदार, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचे कार्ड द्यायचे केंद्र सरकारने सप्टेंबरात ठरवले होते, आणि ती बातमी गावभर झाली होती. खेरीज राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू झाली होती. तिचीही मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली होती. जो तो विचारीत होता, "साहेब, माझं बसतंय का?"

या गर्दीत एक आक्का सगळ्यांत मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. नऊवारी लुगडे, हातात पिशवी, आणि शेजारी कपड्यांचे एक बोचके. बोचके पाहून मला वाटले, कुठे गावाला निघाल्या आहेत. पण तसे नव्हते. आक्कांच्या दोन मुलांनी तीन वर्षांपूर्वी वाटणी केली. शेत वाटले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, आणि आई वाटली. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत थोरल्याकडे, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत धाकट्याकडे. काल दसरा झाला. आज त्या धाकट्याकडे निघाल्या होत्या, आणि वाटेत माझा ओटा लागला.

मी आधार कार्ड पाहिले. जन्मतारीख 1 जानेवारी 1957.

"आक्का, वय काय तुमचं?"

"काय ठाव भाऊ. रझाकाराची धामधूम चालू होती तव्हा आई मला पोटात घेऊन ज्वारीत लपली होती म्हणायची."

रझाकार म्हणजे 1948. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली आणि निजामी संपली. म्हणजे आक्का शहात्तरीत होत्या, कागदावर सदुसष्ट. आधारची नोंदणी करणाऱ्या पोराने चेहरा बघून अदमासाने वर्ष घातले होते. आक्का म्हणाल्या, "तव्हा केस काळे होते माझे. त्या पोरानं मला नऊ वर्सं जवान केली, आता काय करावं!" शाळेत त्या कधी गेल्या नाहीत, तेव्हा शाळेचा दाखला नाही, दुसरा कागद नाही. सत्तरीचे कार्ड त्यांना मिळण्याजोगे नव्हते. मी म्हणालो, "हरकत नाही आक्का, शिधापत्रिका आहे ना? राज्याची योजना आहे." त्यांनी पिशवीतून कार्डाची झेरॉक्स काढली. ती वाटणीपूर्वीची होती. वाटणीनंतर दोन कार्डे झाली होती. मी दोन्ही घरी माणूस पाठवून कार्डे मागवली, आणि जुन्या खोडीप्रमाणे दोन्हींवरची नावे मोजली. थोरल्याच्या कार्डावर पाच नावे, धाकट्याच्या कार्डावर चार. आक्का दोन्हींत नव्हत्या.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. थोरल्याला वाटले आई धाकट्याच्या कार्डावर गेली. धाकट्याला वाटले थोरल्याकडेच राहिली. भाकरी दोन्हीकडे मिळत होती, त्यामुळे कागदावर आपण कुठे आहोत हे आक्कांना बघण्याचे कारणच पडले नाही.

मी हे त्यांना कसे सांगावे याचा विचार करीत होतो, तोच हिने मला आत बोलावले. आक्का मघाशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या, आणि बराच वेळ आत होत्या. ही हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांना छातीत गाठ आहे. उन्हाळ्यापासून. कुणालाच सांगितलेलं नाही."

"का?"

"म्हणतात, थोरल्याच्या पाळीत निघाली. तेव्हा बोलले असते तर तो म्हणाला असता, माझ्याच वाट्याला आली. म्हणून दसऱ्यापर्यंत गप्प राहिले. आणि आता धाकट्याकडे जाऊन बोलले तर तो म्हणेल, तिकडून आजार घेऊन आलीस."

मी पस्तीसएक वर्षे व्याजाच्या पाळ्या, हप्त्यांच्या पाळ्या मोजल्या असतील. आजाराची पाळी माझ्या हिशेबात कधी आली नव्हती. बाहेर ओट्यावर कुणीतरी मोठ्याने हसत होते. मी पुन्हा येऊन बसलो, दोन कागद उलटे धरून वाचले, आणि अर्ध्या तासात सतरंजी गुंडाळली.

संध्याकाळी आम्ही दोघे धाकट्याच्या घरी गेलो. ही आत गेली, मी ओसरीवर बसलो. धाकट्या सुनेचे आणि आक्कांचे फारसे पटत नाही हे गावाला माहीत आहे. भाजीतल्या मिठावरून दोघींचे आवाज रस्त्यापर्यंत येतात. म्हणून मला तिचीच भीती होती. धाकटा मान खाली घालून म्हणाला, "दादाला इचारावं लागेल, कार्ड कोणाकडं…" तेवढ्यात सून दारात आली. तिच्या हाताला पीठ होते. ती म्हणाली, "कोणाला नाही इचारायचं. आमच्या कार्डात घाला. आजाराला काय पाळी असती का?" आणि आत निघून गेली. थोड्या वेळाने आतून तिचाच आवाज आला, "सहा महिने बोलल्या नाहीत! मिठावरून बोलता येतं!"

तपासणीला आम्ही कार्डाची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी सून त्यांना घेऊन एसटीने छत्रपती संभाजीनगरला घाटीत गेली. मी कन्नडला गेलो, कारण पुरवठ्याचे कामकाज तालुक्याला. तेथे मंगळवारी, 15 तारखेला, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि सगळी कचेरी त्या धांदलीत बुडाली. ज्या कारकुनाकडे आमचा अर्ज होता त्याच्या टेबलावर मतदान केंद्रांच्या याद्यांचा डोंगर होता. मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "आजी तुमच्या कोण?" मी म्हणालो, "कुणी नाही." त्याने डोंगर बाजूला सारला. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आक्कांचे नाव धाकट्याच्या कार्डावर चढले, पाचवे.

दुसऱ्या दिवशी, 29 ऑक्टोबरला, पंतप्रधानांनी सत्तरीच्या त्या वय वंदना कार्डाचा आरंभ केला. मुहूर्त धनत्रयोदशीचाच साधला होता. कारण आपण त्या दिवशी धने-गूळ ठेवून तिजोरी पुजतो, पण दिवस मुळात धन्वंतरीचा, वैद्याचा. आमच्या गल्लीत त्या दिवशी चार म्हाताऱ्यांनी मला विचारले, की कार्ड कधी. आक्का त्यांत नव्हत्या. त्यांना कागदाने जवान ठरवले होते. पण आता दुसऱ्या कागदाने घरातली ठरवले होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. गाठ वाईट होती. शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाली. तिथे योजनेचा आरोग्यमित्र बसतो. त्याने आधार आणि शिधापत्रिका पडताळली, डॉक्टरांच्या कागदांसह मंजुरी मागवली, आणि ती आली. घरच्यांचा खर्च झाला तो गाडीभाड्याचा आणि चहाचा. या योजना सगळेच देतात असे मात्र नाही, हे मी ओट्यावर मुद्दाम सांगतो. ठरवून दिलेले उपचार, तेही योजनेतल्या रुग्णालयात. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला त्यात जागा नाही. ती आपली आपण घ्यायची, जनऔषधीच्या दुकानातून स्वस्त मिळाली तर तेवढेच बरे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी थोरला डबा घेऊन आला होता. बाकावर माझ्याशेजारी बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "साहेब, गाठ कधीची हो?"

मी म्हणालो, "कागदावर तारीख नाही."

नोकरीत मी एकही खोटी नोंद केली नाही. निवृत्तीनंतरची ही एक आहे.

2025 चा रविवार 5 ऑक्टोबरला आला. सप्टेंबरात पावसाने सगळा मराठवाडा झोडपून काढला होता. कापूस काळा पडला होता, मका शेतातच कोंबारला होता. मला वाटले, ओट्यावर कुणी येणार नाही. उलट जास्त आले. पैसे नसले म्हणजे माणूस कागद नीट वाचून घेतो. स्वतःच्या घरच्या पॉलिसीवरचा अठरा टक्के कर 22 सप्टेंबरपासून उठला, ही बातमी मी एसटीच्या ड्रायव्हरांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती तीनदा वाचायला लावली. त्यांच्या पॉलिसीत आता साखर लिहिलेली आहे.

आक्का आल्या. बोचके होतेच, पण ते धाकट्या सुनेच्या डोक्यावर होते. औषधांनी गेलेले केस पुन्हा आले आहेत, पांढरेशुभ्र. मी विचारले, "गेल्या दिवाळीपासून काय बदलले?" त्यांनी पदर मागे सारून डोके दाखवले आणि म्हणाल्या, "आता बोलवा त्या आधारवाल्या पोराला." मग त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळाने आतून मिठाविषयी काहीतरी ऐकू आले.

नाना दुपारी आले, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून. मी परिपत्रक पहिल्या ओळीपासून वाचले, आजारांची यादीसुद्धा. नानांनी डोळे मिटून ऐकले. रकाना त्यांनी सांगितला, मी खूण केली. मग त्यांनी सहीसाठी पेन घेतले. मी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. त्या सहीला बराच वेळ लागला. पूर्वीचा तो लफ्फा आला नाही. रेघ वर चढली, थरथरली, आणि मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली.

नानांनी ती पाहिली आणि म्हणाले, "जाळीत असतास तर परत केला असतास हा चेक. सही जुळत नाही म्हणून."

"केला असता," मी म्हणालो, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही केली.